तानाबाईंचे ट्यूलिप

फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं ओल्या फडक्याची पुरचुंडी दिसली आणि तानाबाईंचं टाळकं सटकलं. मटकीला मोड आणायचे तर पुरचुंडी उबेला ठेवायची, एवढंसुद्धा सुनेला ठाऊक नसावं? "फ्रिजात मोड येत्यात व्हय गं कुठं?" असं त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराला विचारलं, कारण वर्षाराणी बाजारात गेली होती. मग पुरचुंडीवर कोमट पाण्याचा हबका मारून त्यांनी ती गॅसशेजारी ठेवली, वर परात पालथी घातली आणि सुनेला दाखवू मोड कसे येतात ते, म्हणून गप्प बसल्या.

दोन दिवसांनी सोडून बघतात तर आत मटकी नव्हतीच. काळपट, चिकट, बुरशी धरलेल्या पातळ चकत्या होत्या. आणि तेव्हा कुठं त्यांना लेकाचं बोलणं आठवलं.

विजयसिंह शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून रिटायर झाल्यापासून घुम्यासारखा बसून असायचा. मग जर्मनीहून त्याच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, रानट्यूलिपचं बी धाडलं आणि माणसात जीव आला. डोंगरातल्या दगडाधोंड्यात वाढणारी चिवट जात, महिना-दोन महिने थंडी खाल्ल्याशिवाय बी जागंच होत नाही, हे त्यानं सगळ्या कसबा बावड्याला ऐकवलं होतं आणि बी फडक्यात बांधून फ्रिजात ठेवलं होतं. अंगणात दगड रचून रॉक गार्डनही उभं केलं होतं. शेजारचे दत्तप्रसाद सर म्हणाले, "कोल्हापुरात ट्यूलिप? मग काश्मीरला ऊस लावू." तेव्हापासून तर तो इरेलाच पेटला होता. आता बी गेलं म्हणून सांगायचं म्हणजे पोरगा पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार.

संध्याकाळी विजयसिंहानं फ्रिज उघडला. "आई, हितली पुरचुंडी कुठाय?"

"मीच पेरली की ट्रेमधी. मोड दिसाय लागलं हुतं."

"एवढ्या लवकर?"

"बियाला कुठं कॅलेंडर कळतंय? आणि आता माती उकरू नगंस."

ट्रेमध्ये त्यांनी गावाकडचं कांद्याचं बी पेरलं होतं. आठवडाभरानं दोऱ्यासारखी हिरवी पाती वाकून वर आली. विजयसिंहानं मोबाइलमधल्या फोटोशी ती ताडून बघितली आणि त्याचे डोळेच भरून आले. "सेम टू सेम हाय बघ आई. तुझ्या हाताला गुण हाय." तीस वर्षं भट्टीचा धूर खाऊन त्याच्या नाकाचं कामकाज बंद पडलं होतं, आणि ट्रेला दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नव्हता, म्हणून निभावलं. सुनेच्या नाकाला मात्र वास आला. "आत्ती, ह्याला..." एवढंच ती बोलली, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि भाजी निवडायला बसली.

फूल यायला चार-पाच वर्षं लागतात, असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा तानाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर आपण कुठं असणार! पण विजयसिंहाला दम कुठला? रोपं दाट झाली म्हणताना त्यानं एकेक कुंडी भरून सगळ्या गल्लीत वाटली. पहिली कुंडी दत्तप्रसाद सरांना, मुद्दाम, हार घालून. तानाबाई देवापुढं बसून राहिल्या. एका जरी नाकानं तोंड उघडलं, तरी लेकाची सगळ्या बावड्यात शोभा होणार होती.

पंधरवडा गेला. एका दुपारी विजयसिंह खतं आणायला शाहूपुरीत गेलेला बघून सर हळूच अंगणात आले.

"काकू, तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्याकडचं ट्यूलिप गेलं."

"आं?"

"मी ओल्या कचऱ्याचं खत घातलं. त्यातनं कांदा उगवला आणि त्यानं ट्यूलिप खाऊन टाकलं. विज्ञान शिकवलं हो मी जन्मभर! विजयसिंहरावांना कळलं तर मनाला लावून घेतील."

तानाबाईंनी पदर सावरला. तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. "झालं ते झालं, सर. न्हाय सांगत. पर लेकरावानी वाढवल्यात त्यानं ती. पुन्ना अशी हयगय करू नगासा."

"नाही, नाही. चुकलंच माझं."

"आणि ती पात हिकडं आणून द्या. घरात ठिवू नगा. झुणक्यात घालून टाकते."

सरांनी हात जोडले आणि पात आणून दिली. त्या रात्री विजयसिंहानं झुणका दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पलीकडच्या बायडाबाई मागल्या दारानं आल्या. पदराखाली काहीतरी हिरवं होतं, आणि तोंड रडवेलं.