नाखवा ताजं कार्ड शोधतात

हसुराम नाखवा कुठलीही वस्तू नाकाला लावल्याशिवाय विकत घेत नाहीत. चप्पल, छत्री, एकदा तर गॅसचा नवा रेग्युलेटर! त्यामुळे पनवेलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांनी ग्राफिक्स कार्ड उचलून हुंगलं, तेव्हा दुकानदार हबकला आणि मी छताकडे बघत उभा राहिलो.

नाखवा आमच्या रोडपालीच्या बिल्डिंगमधले माझे शेजारी. सगळा जन्म खाडीत मासेमारी करण्यात गेला. आता होडी नाही, गुडघे साथ देत नाहीत, आवाज मात्र अजून भरसमुद्रातला आहे. एकुलता एक प्रमोद कॅनडात. तो फोनवर सहज बोलून गेला, "बाबा, तुम्ही पण खेळा की माझ्यासोबत गेम." झालं! प्रमोदच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर होताच, पण त्यावर तो गेम चालायला ग्राफिक्स कार्ड हवं. तेही होडीचं इंजिन विकून आलेल्या पैशांत बसणारं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. शिकवतो म्हणजे काय, तर 'सेव्ह' कुठून करायचं ते दाखवतो. पण अब्रूचा प्रश्न होता.

"सर, ह्यो आठ जीबीचा स्वस्त, आनि त्यो सहा जीबीचा म्हाग. आसा कसा?"

"वेग जास्त असेल."

"बरा. मंग हा चाळीस साठ लंबरचा नवा, पन दुकानातला पोऱ्या बोलतो जुना तीस सत्तर जोरदार. मोटा लंबर म्हंजी मोटा नाय?"

मी घरी येऊन व्हिडिओ बघितले. एकाने जे कार्ड डोक्यावर घेतलं, ते दुसऱ्याने पायदळी तुडवलं. त्यात नावांना शेपट्या, टीआय काय, सुपर काय. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. नाखवांचा मात्र प्रत्येक कार्डाला एकच सवाल, "ताजा हाय का?" एक वापरलेलं स्वस्तात मिळत होतं. ते हुंगून त्यांनी परत ठेवलं. "नाय. ह्यो बरफातला."

एकदाचं एक पसंत पडलं, तर ते दुकानात नेलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. तव्याबाहेर शेपूट राहिलेल्या सुरमईसारखं दिसत होतं. वर दुकानदार म्हणाला, पॉवर सप्लायही बदलावा लागेल. मी वैतागलो. "नाखवा, या वयात कशाला हा खेळ? फोनवर बोलता की रोज!"

"तुमी कार्ड बगा," ते एवढंच म्हणाले.

शेवटी एका पंख्याचं, आखूड, खिशाला झेपणारं कार्ड घेतलं. ते चांगलं की वाईट, मला आजही सांगता येणार नाही. दुकानातल्या माणसाने ते बसवून दिलं आणि रविवारी सकाळी नाखवांनी मला चहाला बोलावलं. पडद्यावर जंगल होतं. प्रमोदचा तलवारवाला पुढे, नाखवांचा मागून झाडांना धडका देत. त्यांना एकच बटण येत होतं, पुढे चालायचं. समोरून राक्षस आला तरी हे आपले उभेच.

"अहो, तलवार काढा!" मी ओरडलो.

"कशाला? त्यो मारतो ना." मग माइकवर हात ठेवून, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "फोनवर जेवलास का इचारला, तं हो बोलतो आनि ठेवतो. हितं बगा."

राक्षस आडवा करून प्रमोदचा तलवारवाला बराच पुढे गेला होता. तो थांबला आणि मागे वळला. "बाबा, या सावकाश. मी थांबलोय."

नाखवा अगदी त्याच्याजवळ पोचत आले होते. त्यांनी बटणावरचं बोट उचललं.

"येतंय रं," ते म्हणाले, "गुडगं दुकतात."