गावंडे सरांची रेघ

माझ्या मुलीच्या लग्नात पंगती बसायच्या आधीच गावंडे सर फक्कीची बादली घेऊन मांडवात हजर होते. बघता बघता त्यांनी जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या आणि नवरदेवाच्या काकांना सगळ्यांदेखत सुनावलं, "पाव्हणे, पाय आत घ्या. फाउल होऊन राह्यला!" काका तालेवार माणूस. ते रुसले आणि त्यांची समजूत काढता काढता माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीला आमच्या नांदुऱ्यात फक्की म्हणतात. गावंडे सरांचा जन्म बहुधा त्या फक्कीतच झाला असावा. ते आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे सर, मी गणिताचा, आणि दुर्दैवाने त्यांचा शेजारीही. "रेघ पाहिजे, सर. रेघ नसली तं माणूस अन् ढोर सारखंच," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

मुलींचा खो-खो संघ हा त्यांचा संसार. त्या खेळात बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हटलं की त्यानं उठून पळायचं. सर ही थाप स्टाफरूममध्येही मारत. घंटा झाल्यावर मी चहा पीत बसलेला दिसलो की पाठीत दणका, "खो! उठा!" एकदा त्यांनी असाच खो हेडमास्तरांना दिला. हेडमास्तर उठले, तरातरा निघाले, आणि वर्गाच्या दारात पोचल्यावर त्यांना आठवलं की आपल्याला तासच नाही.

संघ मात्र फारसा जिंकला नाही. एकदाच बुलढाण्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. सामना सुरू होणार तोच सर मैदानात आडवे झाले, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "रेघ वाकडी हाय. माह्या पोरी वाकड्या रेघेवर खेळणार नाईत." पंच हात जोडून थकले. सरांनी अख्खं मैदान स्वतः पुन्हा आखलं, तोवर अंधार पडला. सामना दुसऱ्या दिवशी झाला आणि त्या सरळ रेघांवर आमच्या मुली सपाटून हरल्या. "हारल्या, पण सरळ हारल्या," परतीच्या एसटीत सर म्हणाले आणि सगळ्यांना भजी खाऊ घातली.

सर रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण त्याच सुमारास शुगरनं त्यांच्या बायकोची, सुशीलावहिनींची, नजर धूसर झाली. आहे तेवढी टिकेल, डॉक्टर म्हणाले. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. तिथल्या बायकांच्या भजनात वहिनी रोज संध्याकाळी पेटी वाजवायच्या. आता त्या खाटेवर बसून राहिल्या. सर हात धरून न्यायला तयार होते, पण वहिनींनी झिडकारलं, "हात धरून काऊन? मी का लहान लेकरू हाय? एकटी जाईन, नाई तं नाई जानार."

आणि खरंच जाईनात. सरांच्या घरातला आरडाओरडा बंद झाला. खोटं कशाला बोलू, मला ती शांतता सोसेना.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी बाहेर येतो तर माझ्या फाटकासमोर फक्कीचा चांगला हातभर रुंद पट्टा! सरांच्या उंबऱ्यापासून निघून पार देवळापर्यंत गेलेला. मी तणतणत त्यांच्या ओट्यापाशी गेलो.

"सर, हे काय आणखी?"

"त्यावर पाय नका देऊ," सर हळू आवाजात म्हणाले. "डांबरावर पांढरं तेवढं दिसते तिले."

वहिनी ओट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीला ओळखीची थाप ही नव्हतीच, बोटं नुसती टेकली.

"खो."

वहिनी उठल्या. पट्ट्यावर एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. सर जागचे हलले नाहीत. हलू नये म्हणून त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. मध्येच एका ठिकाणी वहिनी अडखळल्या, थांबल्या. दंडावरची पकड आवळली. मग त्या जरा बाजूला वळल्या, पुन्हा चालू लागल्या, आणि देवळाच्या खांबाला हात लावून तिथूनच ओरडल्या,

"अवो! रेघ वाकडी हाय तुमची!"

जिल्ह्याचा सामना अडवणारा तो माणूस बाहीनं डोळे पुसत ओरडला, "हाव! वाकडीच हाय! तिथं खड्डा हाय!"

देवळात पेटी सुरू झाली तरी त्यांनी माझा दंड सोडला नव्हता.