टेबल घासायचं मशीन

मेघनाने तशी अट घातली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, "पप्पा, ते डायनिंग टेबलपण येणार का?" पण ज्या सुरात विचारलं, त्या सुराला कोणत्याही घरात अटच म्हणतात.

चांगदेव ओव्हाळांची डोंबिवलीची बिल्डिंग पाडायला निघाली होती. नवी उभी राहीपर्यंत चांगदेव आणि मंजुळाबाईंनी सिद्धेशकडे, म्हणजे मुलाकडे, कोपरीला राहायचं असं ठरलं होतं. सिद्धेशचा फ्लॅट नवा, वरच्या मजल्यावरचा. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, फरशीही पांढरी. सून मेघना वाईट नव्हती. तिला फक्त जुन्या वस्तू बघवत नसत, आणि ती वस्तूंबद्दल बोलत असताना चांगदेवांना उगाचच आपल्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटायचं.

"टेबल येणार," मंजुळाबाई म्हणाल्या. "आमच्या बाबांनी दिलेलं सागवान आहे ते. कुठे टाकू?"

"आई, टाक कोण बोलतंय? पण ते किती काळं पडलंय. नीट पॉलिशबिलिश करून आलं तर बघू ना."

यातला 'बघू ना' चांगदेवांनी पकडून ठेवला. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यावर कुणी कसली कामगिरी सोपवली नव्हती. दूध आणणं आणि गॅसवाल्याला दार उघडणं एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार? त्यांनी जाहीर केलं की टेबल ते स्वतः घासणार, स्वतः पॉलिश करणार.

"सुताराला बोलवा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"सुतार एका टेबलासाठी येत नाही आता. त्याला पूर्ण किचन लागतं."

"मग हाताने घासा. पॉलिश पेपर मिळतो."

"हाताने? मी काय टेबलाला उटणं लावतोय?"

झालं. मशीन घ्यायचं ठरलं.

कोणतं घ्यायचं, हे ठरवायला चांगदेवांनी मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले, की घरात सतत काहीतरी घासल्याचा आवाज यायला लागला. मंजुळाबाई स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ लागल्या. पण चांगदेवांचं ज्ञान वाढलं, हे खरं. एक छोटं, इस्त्रीसारखं टोकदार मशीन असतं, कोपऱ्याकापऱ्यांसाठी. मेघनाने त्याचीच लिंक पाठवली होती, कारण त्याच्या चित्रात धूळ दिसत नव्हती. दुसरं गोल चकतीचं, ऑर्बिटल; ते एकाच वेळी फिरतं आणि थरथरतं, घाई करत नाही, लाकडावर ओरखडे उठवत नाही. आणि तिसरं बेल्टवालं. त्यात पॉलिश पेपरचा पट्टा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा सुसाट धावतो आणि खाली येईल ते खरवडून काढतो. बराच विचार करून चांगदेवांनी ऑर्बिटल नक्की केलं. निवड अगदी बरोबर होती. म्हणूनच ती टिकली नाही.

कारण मोहन्याहून प्रेम आला. प्रेम हा मंजुळाबाईंचा धाकटा भाऊ. त्याला कोणत्याही यंत्राविषयी मत विचारावं लागत नसे.

"ऑर्बिटल?" तो हसला. "दाजी, ते नखं घासायचं मशीन आहे. पार्लरमधे ठेवतात. तीस वर्षांचं पॉलिश आहे त्याच्यावर. दिवाळीपर्यंत घासत बसाल."

"अरे, पण व्हिडिओत तो माणूस स्पष्ट बोलला..."

"त्या माणसाला लाइक पाहिजेत. आपल्याला टेबल पाहिजे. बेल्ट घ्या, बेल्ट. दोन हात मारले की काम खल्लास."

दोघं कल्याणला स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन्ही मशीनं काउंटरवर ठेवली. ऑर्बिटल लहानसं, बिचारं दिसत होतं. बेल्टवालं दिसायलाच खुनशी होतं.

"लाकूड कसलं आहे?" दुकानदाराने विचारलं.

"सागवान," चांगदेव म्हणाले.

"सॉलिड? का वरून पापुद्रा लावलेलं? नाही, मी विचारतो कारण पापुद्रा असेल तर बेल्ट लावू नका. खाऊन टाकेल."

"पापुद्रा?" चांगदेव दुखावले गेले. "सासऱ्यांनी दिलेलं सॉलिड सागवान आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि वर अगदी मंजुळाबाईंच्या ठसक्यात. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. प्रेम मात्र अचानक कपाटातले स्क्रू बघायला लागला.

"मग काय, मारा बिनधास्त," म्हणत दुकानदाराने बेल्टवालं मशीन खोक्यात भरलं. "पण एकदा सील तोडलं की परत घेत नाही हां."

घरात मशीन टेबलाला टेकवायच्या आधी नुसतं चालू करून बघितलं आणि खालच्या मजल्यावरची मुलगी ऑनलाइन परीक्षा सोडून वर आली. तिच्या मागोमाग सोसायटीचा सेक्रेटरी संदेश भोईर आला.

"काका, काय बिल्डिंग तुम्हीच पाडताय का? बिल्डरला ठेवा की थोडी."

तोडगा निघाला: टेबल गच्चीवर न्यायचं. पाण्याच्या पंपाच्या खोलीतून वायर घ्यायची. पण काम लवकर आटपायचं, कारण ती वीज सगळ्यांच्या बिलात येते आणि कुणीतरी ग्रुपवर टाकतंच.

टेबल दारातून आडवं गेलं नाही, उभंही गेलं नाही. तिरकं केल्यावर गेलं, पण जाताना दाराच्या चौकटीची फळी सोबत घेऊन गेलं. तसंही पाडायचंच आहे, असं चांगदेव म्हणाले. जिन्याच्या वळणावर प्रेमची कंबर धरली. तो खालच्या पायरीवर टेबलाचा सगळा भार छातीवर घेऊन "दाजी, एक मिनिट, एक मिनिट" करत बसला आणि तेवढ्यात वरून पापडांच्या पराती घेऊन बायका उतरायला लागल्या. त्या टेबलाखालून वाकून गेल्या. जाताना प्रत्येकीने टेबलाची चौकशी केली, प्रेमची कुणीच केली नाही.

गच्चीवर पोचल्यावर चांगदेवांनी डोळ्यांना चष्मा लावला, तोंडाला फडकं बांधलं आणि मशीनचा खटका दाबला. त्या खटक्याच्या बाजूला एक बारीक बटण असतं. ते दाबलं गेलं तर खटका सोडला तरी मशीन चालूच राहतं. व्हिडिओतल्या माणसाने हे सांगितलं होतं, पण बेल्टच्या व्हिडिओत, आणि तो चांगदेवांनी अर्ध्यातच सोडला होता. बटण दाबलं गेलं. मशीनने टेबलावर झेप घेतली आणि चांगदेवांना ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"सोडा दाजी, सोडा!"

"सोडलंय रे! तेच सोडत नाहीये!"

प्रेमने कंबर धरून वायर उपटली तेव्हा मशीन थांबलं. टेबलावर मधोमध लांबलचक पन्हळ पडली होती. चांगदेवांनी वाकून फुंकर मारली. वरचा पापुद्रा तपकिरी, सुंदर, उभ्या रेषांचा. तो नखाइतकाही जाड नव्हता. त्याच्या खाली पांढुरकं, फिकट, थरांचं काहीतरी. त्यांनी कडेची पट्टी अंगठ्याने दाबून बघितली. पट्टी सागाची होती. पाय सागाचे होते. मधलं सगळं टेबल साधं प्लायवूड होतं.

चांगदेवांना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी छातीत असं काहीतरी हलकं हलकं व्हायला लागलं की ते घाबरलेच. लग्न झाल्यापासून या टेबलावर ते पाहुण्यासारखे जेवले होते. गरम भांडं ठेवलं, की "सागवान आहे ते." पाणी सांडलं, की "आमच्या बाबांनी दिलंय." त्यांच्या पगारातून आलेल्या फ्रिजला, कपाटाला, खुद्द या घरालासुद्धा कधी एवढा मान मिळाला नव्हता. त्यांनी फडकं काढलं आणि गच्चीच्या दारातून जिन्यात हाक मारली.

"मंजुळाऽ! वर ये जरा. तुला काहीतरी दाखवायचंय."

मंजुळाबाई पदराला हात पुसत वर आल्या. त्यांनी पन्हळ बघितली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"हे बघ," चांगदेव म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "हे तुझं सागवान. प्लाय आहे, प्लाय! तुझ्या बाबांनी फसवलं आपल्याला."

"दाजी, जाऊ द्या ना," प्रेम म्हणाला.

"का जाऊ द्या? तीस वर्षं ऐकतोय मी. आज माझं ऐका."

"दाजी, बाबा दुकानातून टेबल घेऊन देणार होते." प्रेमने बहिणीकडे बघितलं. मग तोच पुढे म्हणाला, "तुमचे अण्णा बोलले, नको, उल्हासनगरला माझा ओळखीचा सुतार आहे. पैसे माझ्याकडे द्या, मी उभं राहून बनवून घेतो. बाबांनी सागाचे पैसे दिले. अण्णांनी हे बनवून घेतलं."

चांगदेव हसले. मग हसू थांबलं.

"काहीतरी बोलू नकोस. माझा बाप तसला नव्हता. मंजुळा, तू सांग याला."

मंजुळाबाई टेबलाच्या एका कोपऱ्याशी गेल्या. तिथे कायम फळांची टोपली असायची. "पहिल्याच वर्षी इथे कुकर ठेवलेला. फुगा आला. गोंद लावून बसवला मी. बाबांना सांगितलं, तर ते बोलले, गप्प बस, सासऱ्याचा मान राख. राखला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे वडील होते ते."

"आणि मग ते रोजचं सागवान, सागवान? ते कशाला?"

"ते अण्णांसाठी होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "ते जेवायला बसले की मी मुद्दाम बोलायचे. मला वाटायचं, कधीतरी एकदा मान वर करून बघतील माझ्याकडे. तेवढंच पाहिजे होतं."

चांगदेवांना अण्णा आठवले. सागवानाचा विषय निघाला की खाली मान घालून भराभर भाकरी मोडणारे अण्णा. आपल्या मुलाचा अपमान त्यांना सहन होत नाही, असं चांगदेव समजत आले होते. वडिलांची एवढी एक गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली होती.

"आणि माझ्या मनाला जे लागायचं ते?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तिथेच बसलेले असायचात."

"अण्णा जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतरही बोलतच होतीस की."

मंजुळाबाईंनी खरोखर विचार केला. "सवय लागली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चांगदेवांचा फोन वाजला. सिद्धेश होता. हात भुशाने भरलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"पप्पा, ते टेबलचं काम चालू नाही ना केलं? नका करू. काल ट्रेडमिल आली. त्या कोपऱ्यात तीच बसली बरोब्बर."

"तू पळणार आहेस?" चांगदेवांनी विचारलं.

"मी कुठे, टाइम कुठाय? ऑफर होती म्हणून मेघनाने घेतली. आईला चालता येईल ना तिच्यावर. आणि जेवायचं काय, आपण सोफ्यावरच जेवतो. फक्त पप्पा, तुम्ही जरा वरण सांभाळून. सोफा व्हाइट आहे."

मंजुळाबाईंनी पुढे होऊन फोन बंद केला. मग त्यांनी साडीचा पदर खोचला, चांगदेवांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून स्वतःला लावला आणि मशीन उचललं.

"हे कुठून चालू होतं?"

"ताई, काय करतेस? वजनदार आहे ते," प्रेम म्हणाला. "आधी असं तिरकं धरायचं, मग..."

"तू वायर लाव."

त्याने लावली. मशीनने त्यांनाही ओढायला बघितलं, पण त्या ओढल्या गेल्या नाहीत. त्यांनी पन्हळीच्या शेजारी दुसरी पन्हळ पाडली, मग तिसरी. तपकिरी भुसा उडायला लागला, टाकीवर बसला, प्रेमच्या केसांवर बसला, चांगदेवांच्या मिशीवर बसला. त्या टेबल गुळगुळीत करत नव्हत्या. वरचं होतं नव्हतं ते काढत होत्या. चांगदेव वायर पायात येऊ नये म्हणून ती उचलून त्यांच्या मागे मागे फिरत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. अण्णांच्या वतीने म्हणायचं की स्वतःच्या, हे ठरेना, आणि त्या आवाजात म्हणून उपयोगही नव्हता.

मग एकाएकी मशीन बंद पडलं. थोड्याच वेळात संदेश भोईर धापा टाकत गच्चीच्या दारात आला.

"मीटरचा खटका मीच पाडला खाली," तो म्हणाला. "काकू, खालून किती वेळ ओरडतोय मी! लोकांचे फोनवर फोन येतात. ग्रुपवर फोटो आलाय तुमचा. बास करा आता."

गच्चीवर आता अगदी शांत झालं होतं. मंजुळाबाईंनी मान वर केली नाही. बंद मशीन टेबलावर दाबून त्या उरलेल्या तपकिरी तुकड्यावर पुढे-मागे करत होत्या.

"काकू, मी बोलतोय तुमच्याशी."

"मला काही ऐकू येत नाही," मंजुळाबाई साध्या आवाजात म्हणाल्या.

संदेशने चांगदेवांकडे बघितलं. घरच्या कर्त्या माणसाकडे बघतात तसं. चांगदेवांनी हातातली वायर प्रेमकडे दिली, मिशीवरचा भुसा झटकला, आणि जिना उतरून मीटरचा खटका वर करायला खाली गेले.