बिनसंवादाचं कासव

चहा पिता पिता मी म्हणालो, "मी करतो की." तेवढंच. माणसाचं वाटोळं व्हायला याहून लांब वाक्य लागत नाही.

माझी मुलगी शाळा-कॉलेजांत समुद्री कासवांवर नाटक बसवते. आधी नाटक, मग मुलांशी चर्चा. तिचं मुख्य कासव पाय मुरगळून घरी पडलं होतं. मुलीने आईकडे पाहिलं, आईने कपाकडे.

"संवाद नाहीत, बाबा. रांगत यायचं, खड्डा करायचा, अंडी घालायची, समुद्राकडे जायचं. मागे वळून पाहायचं नाही."

(तीस वर्षं हेडक्लार्क आहे. बिनसंवादाचं रांगणं मला नवं नव्हतं.)

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये माझ्या पाठीला कपड्यांचा टब बांधला. मी रांगलो, पिंगपाँगचे बॉल घातले, निघालो. एवढ्यात मागून पिल्लू बोलू लागलं. ती माझी मुलगी होती. पुलावरच्या दिव्यांना चंद्र समजून ती उलट्या दिशेला चालली होती आणि समुद्राला हाका मारत होती. तिचं नाटक मी कधीच पाहिलं नव्हतं. दरवेळी ऑफिसात काहीतरी अर्जंट निघायचं.

मी वळून पाहिलं.

टब कलला आणि मी उताणा. हातपाय हवेत. तीनशे मुलं हसून लोळली. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला ठेवलेल्या दोन स्वयंसेवकांनी मला पायाला धरून विंगेत ओढलं.

चर्चेत मुलीने विचारलं, "पिल्लांची काळजी माणसांनी का घ्यायची?"

पहिल्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली, "आई अंडी घालून निघून जाते. तिला वाटतं, पिल्लं आपोआप मोठी होतात."

"बरोबर," मुलगी म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही तिने. मीच पाहत होतो, टबाच्या दोऱ्या सोडत.

घरी कंबर शेकत मी विचारलं, "एवढी कामं होती, मला हेच का दिलंस?"

"तालमींना तुम्हाला रजा मिळाली नसती, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब मिटल्यासारखा थंडपणा होता. "हे काम तुम्हाला तालमीशिवाय येतं."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आणि ते तरी कुठे धड जमलं?"