खालचे दोन कमी

"ताई, लिहून ठेवा! या वर्षीचा कप आमच्या गब्दुलचा!"

मास्तरीणबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात वाढायचा डाव होता, समोर थोरली जाऊ होती आणि दोन्ही घरांतली यच्चयावत माणसं जेवायला बसली होती. म्हणजे शब्द गिळायला जागाच नव्हती. तशाही त्या गिळणाऱ्यांतल्या नव्हत्या. मोटार शिकवणं हा त्यांचा धंदा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी मागे घ्यायला शिकवलं होतं, पण स्वतः आयुष्यात कशातूनही मागे म्हणून हटल्या नव्हत्या!

जाऊबाई नुसत्या हसल्या. त्यांना हसणं परवडत होतं. त्यांचा दिग्विजय आणि मास्तरीणबाईंचा गब्दुल हे एकाच आईचे, एकाच दिवशी जन्मलेले सख्खे भाऊ. तेच सोनेरी केस, तेच लोंबते कान. पण दिग्विजयने दरवर्षी कुत्र्यांच्या प्रदर्शनात इतके कप मारले होते की जाऊबाईंनी काचेच्या कपाटातून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून माळ्यावर टाकला होता.

गब्दुलची गोष्ट निराळी. मागच्या वर्षी त्याला नाजूक जागी आजार झाला. डॉक्टर म्हणाले, "एक तर ते काढू, नाहीतर कुत्रा जाईल." मास्तरीणबाई म्हणाल्या, "काढा!" काढलं. कुत्रा वाचला. पण त्यानंतर त्याला अशी भूक सुटली की वर्षभरात तो सोफ्यासारखा दिसायला लागला. फरक इतकाच की सोफा बोलावल्यावर येत नाही. गब्दुल खाऊ दाखवला तर येई.

अर्ज भरला, पाठवला. दोन दिवसांनी प्रदर्शन मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. सेक्रेटरी म्हणजे अतिशय सभ्य, अविवाहित आणि लाजाळू गृहस्थ. बोलण्याआधी खाकरायचे, बोलल्यावर पुन्हा खाकरायचे.

"बाई, अर्ज तसा ठीक आहे. पण तुमच्या कुत्र्याचे, म्हणजे, दोन कमी आहेत."

"काय दोन कमी आहेत?"

"ते... खालचे."

"खालचे दोन कमी? शक्यच नाही! थांबा, फोन चालू ठेवा!"

मास्तरीणबाईंनी गब्दुलचा खालचा जबडा उघडला आणि नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. माणूस गरीब, डोळ्याला भिंग लावूनच जगाकडे बघणारा. त्याने एकेक दात निरखून पाहिला आणि निर्वाळा दिला, "सगळे आहेत. एक जरा पिवळा आहे."

"हॅलो! सगळे जागेवर आहेत हो! आमच्या ह्यांनी भिंगातून पाहिलंय!"

पलीकडे बराच वेळ नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"भिंगातून?"

"हो! आणि मी रोज रात्री ब्रशने घासते! मोत्यासारखे आहेत! विश्वास नसेल तर या घरी आणि हात लावून बघा!"

"नको, नको! पण बाई, मग अर्जात तुम्हीच 'ऑपरेशन करून काढले' असं कसं लिहिलंत?"

मास्तरीणबाईंनी गब्दुलचा जबडा सोडला. त्या कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, तांब्याभर पाणी घशात ओतलं, नवऱ्याला खोलीबाहेर घालवलं आणि पुन्हा फोन उचलला.

"ठीक आहे. नाहीत! पुढे बोला!"

सेक्रेटरींनी चाचरत नियम सांगितला. प्रदर्शन भरवायचं ते उत्तम नर निवडायला, म्हणजे पुढची पिढी चांगली निपजावी. तेव्हा नराचं सगळं कसं जिथल्या तिथे हवं.

"म्हणजे जीव वाचवला ही आमची चूक?" मास्तरीणबाई कडाडल्या. "त्याची चाल बघा, कान बघा, केस बघा! जे नाही तेच कशाला बघत बसता?"

"बाई, नियम आहे."

"मग नवा करा!"

आणि त्यांनी फोन आपटला. दुसरं कुणी असतं तर जावेला काहीतरी थाप मारून मोकळं झालं असतं. मास्तरीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून आपल्या सगळ्या शिकाऊ मंडळींना सेक्रेटरींच्या फाटकासमोर गाडी मागे घ्यायला शिकवायचं ठरवलं.

पहिल्यांदा एका किराणा दुकानदाराने फाटकाच्या खांबाला गाडी घासली. मग एका नर्सने कुंड्या फोडल्या. मास्तरीणबाई प्रत्येक वेळी खाली उतरून दिलगिरी व्यक्त करत आणि जाता जाता विचारत, "नियमाचं काय झालं?" शेवटी एका निवृत्त न्यायाधीशांनी खांबच आडवा केला, तेव्हा सेक्रेटरी खिडकीतून ओरडले, "करतो! वेगळा गट करतो! ऑपरेशन झालेल्या नरांचा! पण निदान तीन कुत्रे हवेत!"

आता आणखी दोन कुठून आणायचे? मास्तरीणबाई जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या आणि येईल त्याला विचारू लागल्या. एक बाई मांजराची टोपली घेऊन बसल्या होत्या.

"तुमच्याकडे ऑपरेशन झालेला नर आहे का हो?"

बाई लाजल्या. "झालंय ना, मागच्याच वर्षी. तेव्हापासून तब्येतही सुधारलीये."

"वा! मग रविवारी मैदानावर आणा की! फक्त गोल पळायचं आहे!"

"ते नाही हो यायचे," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांना चारचौघांत पळायला संकोच वाटतो. आणि रविवारी त्यांचं ऑफिसचं काम असतं."

तरीही दोन कुत्रे मिळालेच. एक बेकरीवाल्याचा, एका डोळ्याचा. दुसरा कंपाउंडरचा, मुठीएवढा, पण आवाजाने भोंग्याएवढा.

मग सराव. कुत्र्याबरोबर रिंगणात माणसानेही पळायचं असतं आणि मास्तरीणबाईंचा गुडघा सकाळ-संध्याकाळ संपावर. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"मी?" नवरा दचकला.

"नाही तर काय मी शेजारी बोलावू?"

रोज सकाळी चष्मेवाले पुढे, गब्दुल मागे आणि त्यांच्यामागे शिकाऊ गाडीतून मास्तरीणबाई! "कोपऱ्यावर वेग कमी करा! शेपूट वर! तुम्ही नाही हो, तो!" गब्दुल दहा पावलं पळे आणि बसे. मग चष्मेवाल्यांना युक्ती सापडली. उकडलेल्या मटणाचे तुकडे त्यांनी पँटच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. त्या वासावर गब्दुल दोरीने ओढल्यासारखा चालू लागला.

रविवार उजाडला. मैदानावर दोऱ्या बांधून दोन रिंगणं केलेली, मोठ्यावर कापडी मंडप. मोठ्यात दिग्विजय आणि त्याच्यासारखे सगळे पूर्ण नर. कोपऱ्यातल्या लहान रिंगणात गब्दुल, एकडोळ्या आणि भोंगा. जाऊबाई नवीन साडी नेसून, उंच टाचांच्या चपला घालून आल्या होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे भावजी, छत्री धरून मागे.

"अगं, हा तुमचा गट म्हणजे उत्तेजनार्थ ना?" जाऊबाईंनी गोड आवाजात विचारलं.

"उत्तेजनाचा प्रश्नच मिटलाय ताई, म्हणून तर वेगळा गट!" मास्तरीणबाई म्हणाल्या. नजर मात्र परीक्षकांच्या खुर्चीवर होती. कारण एकाच माणसाने दोन्ही रिंगणांचा निकाल द्यायचा होता आणि ते परीक्षक दिसायला असे कठोर की त्यांच्याकडे बघून भोंगाही गप्प झाला.

परीक्षक मोठ्या रिंगणाकडे वळले आणि तेवढ्यात आक्रीत घडलं! फोटो काढायला आलेल्या तरुण बाईंची काळी कुत्री गाडीतून निसटली आणि ऐटीत मैदान ओलांडू लागली. बिचारीचे दिवस होते माजावर यायचे. वाऱ्याची एक झुळूक आली फक्त. मोठ्या रिंगणातल्या यच्चयावत पूर्ण नरांनी एकदम माना वळवल्या.

पुढचं कुणाला नीट सांगता येत नाही! दिग्विजय सुटला. जाऊबाईंनी पट्टा सोडला नाही. त्या उंच टाचांवर गवतातून अशा घसरत गेल्या की बघणाऱ्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. लोकांनी टाळ्या वाजवल्या! पाठोपाठ बाकीचे नर, त्यांच्यामागे त्यांचे मालक. मंडपाच्या दोऱ्या तुटल्या, कापड खाली आलं आणि परीक्षक त्याखाली दिसेनासे झाले. एकडोळ्या आणि भोंगा यांना काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण सगळे धावतायत म्हटल्यावर तेही धावले.

फक्त गब्दुल हलला नाही. मान ताठ पुढे, पाठ सरळ, शेपूट आडवी, चारही पाय रोवलेले. जणू दगडात कोरलेला!

"अगं," चष्मेवाले रडवेल्या आवाजात कुजबुजले, "त्याचं नाक माझ्या खिशात आहे. खिसा फाटलाय. पुढे काय होईल सांगता येत नाही."

"खबरदार हललात तर!" दोरीपलीकडून मास्तरीणबाई दात-ओठ खाऊन म्हणाल्या.

चष्मेवाले हलले नाहीत. घाम गळत होता, पण हलले नाहीत. परीक्षक कापडाखालून रांगत बाहेर आले, केसातलं गवत झटकलं आणि त्यांना लांबून तो पुतळा दिसला. नशीब, त्या बाजूने खिसा दिसत नव्हता.

"काय हा संयम!" ते भारावून म्हणाले. "एवढ्या मोहात एक पाऊल नाही हललं! ही शिकवण कुणाची?"

"माझी," मास्तरीणबाईंनी शांतपणे सांगितलं आणि कप घ्यायला हात पुढे केला.

मोठ्या रिंगणाचा निकाल रद्द झाला, कारण निकाल द्यायला रिंगणच उरलं नव्हतं. मैदानावर त्या दिवशी एकच कप दिला गेला, तो गब्दुलला. जाऊबाई मात्र चिखलात बसलेल्या होत्या, एक चप्पल हरवलेली. त्यांना उठवायला मास्तरीणबाईच धावल्या, गुडघा विसरून. कारण भावजी तिथे नव्हतेच. ते छत्री घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते आणि फोटोवाल्या तरुण बाईंना त्यांची कुत्री शोधायला मोठ्या उत्साहाने मदत करत होते.

संध्याकाळी मास्तरीणबाई कप पुसत होत्या, चष्मेवाले खिसा शिवत होते, तेव्हा जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी खालच्या पट्टीतला.

"ऐक गं. तुमच्या त्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर दे जरा."

"देते की. दिग्विजयसाठी ना ताई?"

पलीकडे आधी खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हो," जाऊबाई म्हणाल्या, "सुरुवात त्याच्यापासून करू."