सेकंड क्वार्टरचे वडे

हेमचंद्र सोनटक्क्यांनी त्या सीझनमध्ये आपल्या मुलीचा ट्रम्पेट सोलो तीन वेळा चुकवला होता, आणि तिन्ही वेळा ते तिच्यापासून फार तर दीडशे फुटांवर उभे होते.

वर्ष १९८५, गाव डेट्रॉइटजवळचं ट्रॉय. उत्तरा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळेच्या फुटबॉल मॅचला मध्यंतरी वीस मिनिटांचा हाफटाइम असतो, त्यात बासष्ट मुलांचा मार्चिंग बँड मैदानात उतरायचा. त्यात पाऊण मिनिट असं यायचं की एकसष्ट मुलं गप्प उभी राहत आणि उत्तरा एकटी वाजवत असे. त्या पाऊण मिनिटासाठी तिने उन्हाळाभर गराजमध्ये सराव करून शेजाऱ्यांचा कुत्रा वेडा करून सोडला होता.

अडचण एकच होती. मैदानावरचा खाण्याचा स्टॉल बँडमधल्या मुलांच्या आईवडिलांनी चालवायचा, अशी शाळेची रीत होती. बँडचे युनिफॉर्म त्यातून येत. आणि प्रेक्षकांना भूक लागायची ती नेमकी हाफटाइमला. स्टॉल प्रेक्षकांच्या बसायच्या उंच फळ्यांच्या मागे, तोंड पार्किंग लॉटकडे. म्हणजे पुढे पोरं जीव तोडून वाजवतायत आणि मागे त्यांचे आईबाप हॉट डॉगवर मोहरीची चटणी ओततायत.

"मला फक्त पाच मिनिटं सोडा," हेमचंद्रांनी स्टॉलच्या प्रमुख मिसेस हॅलोरन यांना विनवलं.

"हनी," त्या कॉफीचे कप मांडत म्हणाल्या, "माझी तीन मुलं या बँडमधून गेली. अकरा वर्षं झाली. बँड दिसतो कसा, मला ठाऊक नाही. ट्यूबाचे ते मोठे भोंगे वाजायला लागले की चटणीच्या बाटल्या हलतात, त्यावरून मी ओळखते की छान चाललंय."

हेमचंद्र मोटारीच्या कंपनीत वायपर विभागात होते. काचेवर वायपर का करकरतो, या एका प्रश्नावर त्यांनी अठरा वर्षं काढली होती. अशा माणसाला "अशीच रीत आहे" हे उत्तर पुरत नाही. ते सरळ बँडचे शिक्षक मिस्टर नोवाक यांच्याकडे गेले.

"बँडचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी का ठेवत नाही? नुसता बँड. फुटबॉल नाही, काही नाही."

नोवाक खिन्न हसले. "ठेवला होता. ब्याऐंशी सालच्या वसंतात. एकोणीस माणसं आली. त्यातली सहा कुत्री फिरवायला आली होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्टर सोनटक्के, मला फुटबॉलमधलं काडीचं कळत नाही. पण दर शनिवारी मी आपली टीम जिंकावी म्हणून देवाला हात जोडतो. टीम जिंकली की गर्दी होते, गर्दी झाली की पोरांना बँडमध्ये यावंसं वाटतं. तीन वर्षांपूर्वी टीम चांगली होती, तेव्हा माझ्याकडे नव्वद मुलं होती."

या वर्षी टीम सहाच्या सहा मॅच हरली होती. घरच्या मैदानावरची एकच मॅच उरली होती, आणि उत्तराचा शेवटचा सोलो तीतच होता.

"बाबा, इट्स ओके," उत्तरा म्हणाली. "नोबडीज पेरेंट्स सी इट. रिअली." पण हे ती ट्रम्पेट पुसता पुसता, वर न बघता म्हणाली.

त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीत चमचा तसाच ठेवला आणि जाहीर केलं, "प्रश्न बँडचा नाही. प्रश्न रांगेचा आहे."

"तुमच्यापुढे पोळी आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"अगं ऐक तर. मागच्या मॅचला मी घड्याळ लावून नोंदी केल्यात. हॉट डॉग काय, कधीही मिळतो. म्हणून लोक हाफटाइमपर्यंत थांबतात. पण एखादी गोष्ट फक्त हाफटाइमच्या आधी, सेकंड क्वार्टरमध्येच मिळाली तर? लोक आधीच खाऊन घेतील. हाफटाइमला त्यांची पोटं भरलेली, आपण मोकळे!"

"आणि ती गोष्ट कोणती?"

हेमचंद्रांनी बायकोकडे प्रेमाने पाहिलं. ते पाहणं सुनेत्राबाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. "किती?" त्यांनी विचारलं.

"अडीचशे बटाटेवडे."

"अहो, काय हे तुमचं! इथल्या लोकांना तिखट चालतं का, आवडतं का, काही कन्फर्म केलंय?"

"सुनेत्रा, आपली पोर पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल," एवढंच ते म्हणाले. सुनेत्राबाईंनी बटाट्याचं पोतं बाहेर काढलं.

शनिवारी दुपारी हवा चांगलीच बोचरी होती. स्टॉलवर गॅसची शेगडी, तीवर गणपतीच्या जेवणाची मोठी कढई, आणि खिडकीवर हेमचंद्रांच्या सुबक अक्षरात पाटी: 'मसाला पोटॅटो बॉल्स. फक्त सेकंड क्वार्टर. हाफटाइमला बंद.' अंगावर एप्रन, डोक्यावर कागदी टोपी, हातात झारा.

दुसरा क्वार्टर सुरू झाला. पहिली चार मिनिटं कोणीच आलं नाही. मग वासावर एक आडदांड गृहस्थ आले. त्यांचा मुलगा टीममध्ये होता. त्यांनी एक वडा तोंडात टाकला, डोळे मोठे केले, आणि फळ्यांकडे वळून अशी आरोळी ठोकली की मैदानातल्या पंचानेही मान वळवली. मग मात्र लोक उतरायला लागले. आधी दहा, मग पन्नास. पाटीवर वेळ लिहिलेली असल्याने प्रत्येकाला घाई झालेली. हेमचंद्रांचा हिशेब इतका तंतोतंत जमला की पाच मिनिटांत झाडून सगळे प्रेक्षक स्टॉलपुढे उभे होते.

आणि नेमकं तेव्हाच टीमने सीझनमधली सर्वांत लांब धाव घेतली. एक पोरगा चेंडू छातीशी धरून साठ यार्ड सुसाट पळाला, रेषेपार गेला, दोन्ही हात उंचावले, आणि समोर बघतो तर रिकाम्या फळ्या. कुठे टाळी नाही, शिट्टी नाही. पोराला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्याने चेंडू हळूच खाली ठेवला आणि पंचाची माफी मागितली.

हाफटाइमची शिट्टी होताच कोच टीमला सोडून तरातरा स्टॉलवर आले. "आठवड्याचे पाच दिवस मुलं घाम गाळतात," ते ओरडले, "आणि त्यांना बघायला एक माणूस नाही! कसं वाटेल त्यांना?"

ते ऐकून कॉफी ओतणाऱ्या मिसेस हॅलोरन यांनी मान वर केली. "वाईट वाटतं ना?" त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की कोच दोन वडे उचलून चालू लागले.

इकडे रांग काही हटेना. "क्लोज्ड! हाफटाइम! प्लीज, गो अँड सी द बँड!" हेमचंद्र कळवळून सांगत होते. पण इतका वेळ थंडीत उभी राहिलेली माणसं वडा घेतल्याशिवाय जायला तयार नव्हती. सारण संपत आलं होतं. "गाडीत दुसरा डबा आहे, आणते," म्हणून सुनेत्राबाई पार्किंग लॉटमध्ये गेल्या. हेमचंद्रांनी बारा वडे कढईत सोडले आणि त्यांच्या कानावर ड्रमचा पहिला ठोका पडला. सोलो चार मिनिटांवर आला होता. आपल्या हाताने आपण अडकलो, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण ड्रमचा आवाज जवळ येत होता.

मिस्टर नोवाक बँड घेऊन मैदानात शिरले होते आणि रिकाम्या फळ्या बघून थबकले होते. आयुष्यभर त्यांनी फुटबॉलच्या गर्दीवर आपला बँड जगवला होता, तेव्हा गर्दी कुठे आहे हे शोधायची त्यांना सवय होती. त्यांनी नाक वर करून एकदा वास घेतला, हात फिरवला, आणि बासष्ट मुलं वाजवत वाजवत फळ्यांना वळसा घालून थेट पार्किंग लॉटमध्ये आली, स्टेशन वॅगन गाड्यांच्या दोन रांगांमधून, टोपीवरचे तुरे हलवत. ट्यूबावाल्या मुलांना गाड्यांचे आरसे चुकवत अंग चोरून यावं लागलं, पण कोणी सूर सोडला नाही.

स्टॉलपुढची अख्खी गर्दी मागे वळली. एवढ्या जवळून बँड त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. सगळे भान हरपून बघत राहिले. सगळे, एक हेमचंद्र सोडून. कारण त्यांच्यापुढे आता तीनशे पाठी होत्या आणि त्यातली एकही सहा फुटांहून कमी उंचीची नव्हती. त्यांनी टाचा उंचावल्या, उडी मारून पाहिली. एक तुरा दिसला, तो कोणाचाही असू शकत होता.

बँड थांबला. शांतता पसरली. आता!

हेमचंद्रांनी मागचा पुढचा विचार केला नाही. एप्रन सावरत ते खिडकीच्या फळीवर चढले आणि झारा हातात धरून सरळ उभे राहिले. समोर, तीस फुटांवर, उत्तराने ट्रम्पेट ओठांना लावलं होतं. पहिला सूर निघाला, स्वच्छ, लांब. आपल्या घरात हे कधी शिकली ही, असं त्यांना झालं.

तेवढ्यात, काय झालं कोण जाणे, समोरची गर्दी भराभर वळून त्यांच्याकडेच बघू लागली. तीनशे तोंडं, सगळी उघडी. हेमचंद्र शरमले. आपण असं उंचावर उभं राहायला नको होतं. "नो, नो!" त्यांनी झाऱ्याने खुणा केल्या. "देअर! लुक देअर! शी इज माय डॉटर!" लोक बोटं दाखवायला लागले, मिसेस हॅलोरन काहीतरी किंचाळल्या. काय ही माणसं! पाऊण मिनिट म्हणून एका जागी लक्ष द्यायला नको. हेमचंद्रांनी त्यांचा नाद सोडला आणि उत्तराकडे बघत राहिले.

वाजवता वाजवता तिने एकदा डोळे उचलले. तीनशे लोकांच्या त्या गर्दीत तिच्याकडे तोंड केलेला एकच माणूस होता. कागदी टोपी तिरपी, गाल ओले. तिचा श्वास क्षणभर चुकला, पण तिने तो सावरला, आणि शेवटचा सूर नोवाकांनी शिकवला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त लांबवला.

सोलो संपल्यावर ते खाली उतरले. रांग पांगली होती. गाडीतून परतलेल्या सुनेत्राबाई घामेघूम होऊन कढईवर परात दाबून उभ्या होत्या, शेगडी बंद होती, आणि स्टॉलच्या छतावर हातभर लांबीचा काळा पट्टा उमटला होता. उत्तरा धावत आली आणि तिने बाबांना घट्ट मिठी मारली.

"पाहिला, उत्तरा. अख्खा पाहिला!" हेमचंद्र म्हणाले.

"आय नो, बाबा," ती त्यांच्या खांद्यावरून काळ्या छताकडे बघत म्हणाली. "देअर वॉज अ फायर. राइट बिहाइंड यू."

हेमचंद्रांनी तिच्याकडे चकित होऊन पाहिलं.

"कधी?"