मिळाला. प्यायलो.

रोह्यातल्या एका लग्नात दामाशेठने नवऱ्या मुलाच्या हातात आहेराचा स्टीलचा डबा ठेवला आणि खिशातून रेघा मारलेला एक कागद काढला. "डबा एक, झाकणासहित. मिळाला. हितं सही." मुंडावळ्या बांधलेला तो पोरगा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हा माणूस हलत नाही आणि मागची रांग थेट मांडवाच्या दारात उभ्या मामाच्या पोटाला टेकली आहे. त्याने मुकाट्याने सही केली. "तारीख?" दामाशेठ म्हणाला. तेव्हा नवरीच बोलली, "आजचीच लिवा काका, आता बदलायची नाय."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. मला हसायचा काही अधिकार नव्हता, पण ते मला एकट्यालाच माहीत होतं.

दामाशेठला लोक 'पोचशेठ' म्हणत. सरकारी कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून 'मिळाला' अशी सही देतात, ती पोच. आपण ती अर्जापुरती मागतो. दामाशेठ जगाकडे मागायचा. दाढ काढली तेव्हा दाढ दवाखान्यातच राहिली म्हणून डॉक्टरांकडून 'दाढ एक, किडलेली, मिळाली' असं लिहून घेतलं. देवळात नारळ दिला तर गुरवाकडे पोच. गुरव वैतागला, "अरे, देव पोच देत नाय." दामाशेठ शांतपणे म्हणाला, "देवाला लिवता येतं का नाय मना ठाव नाय. तुमाला येतं. 'देवाकरिता' असं लिवा न् खाली तुमची सही मारा. कचेरीत सायेब नसला की तसंच करतात."

कचेरीत कसं करतात ते त्याला आमच्याकडेच कळलं होतं. मी नगरपरिषदेत लिपिक आहे. पेण आणि रोहा ही दोन्ही माझ्या पायाखालची गावं, पण ही नगरपरिषद कुठली ते विचारू नका. जे झालं ते माझ्या हातून झालं. गावाचं नाव घेऊन ते वाटून टाकायचं नाही.

आमच्या फाटकासमोर चिंचेखाली त्याची चहाची गाडी. राहायला निडी गावात, मूळचा पेणकडच्या खाडीकाठचा. लहानपण आईबापाबरोबर मिठागरात गेलं. पुढे डोलवीच्या कारखान्याबाहेर शिफ्ट सुटायच्या वेळी कामगारांना चहा वाटायचा. चहा उत्तम करतो असं सगळे म्हणायचे. आलं ठेचून, दूध शेवटी. मी चव सांगू शकत नाही, कारण नऊ वर्षांत मी त्याच्या हातचा चहा कधी प्यायलो नाही. ॲसिडिटी आहे म्हणायचो.

त्याच्या हातांवर कोड आहे. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे डाग, आणि एक ओठाच्या कोपऱ्याला. कोणी टक लावून पाहिलं की तोच म्हणायचा, "मीठ लागलंय सायेब. मिठागरात वाढलो ना. धुवून जात नाय, पण चहा खारट व्हत नाय, पिऊन बघा." काही जण पिऊन बघत. काही जणांना अचानक उशीर झालेला असे.

जो प्यायचा त्याला वहीत सही करावी लागे. लांबट वही, भरली की तिलाच नवी शिवायची, सुतळीने गाडीला बांधलेली. तारीख, नाव, आणि पुढे त्याचा ठरलेला मजकूर: 'चहा मिळाला. प्यायलो.' आमच्या पाणीपुरवठ्याच्या राऊतने एकदा नुसतं 'मिळाला' लिहिलं. दामाशेठने त्याला रस्त्यातून परत बोलावलं. "राऊतभाऊ, मिळाला ते खरं. पण प्यायलात ना? ते लिवा. मिळून वतून देणारे पण असतात."

आता मुळाशी येतो. इतके दिवस आजूबाजूलाच फिरत राहिलो.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या आवारातलं उपाहारगृह ठेक्याने द्यायचं निघालं. छोटं काम, बंद लिफाफ्यातून दर मागवले. दामाशेठचा लिफाफा आला. अटीत ठेकेदाराचा आरोग्य दाखला हवा होता, आणि त्याने सरकारी दवाखान्यातून तो आणला होता. 'हातावरील डाग संसर्गजन्य नाहीत, खाद्यव्यवसायास हरकत नाही,' असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं. लिफाफे फोडून कागदांची यादी करायचं काम माझ्याकडे. दर त्याचाच सर्वांत कमी होता.

आमचे तेव्हाचे अधीक्षक मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्याच्या हातचा चहा तुम्ही पिणार?"

मी हातातला कागद उलटा केला.

"बाहेरून पाहुणे येतात, साहेब लोक येतात. शोभतं का? आरोग्य दाखला दिसत नाही वाटतं ह्यात. नीट बघा."

दाखला माझ्या बोटांत होता. मी नीट बघितलं. मग तो टेबलाच्या खणात सरकवला आणि यादीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आरोग्य दाखला जोडलेला नाही. अपात्र.' माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं.

अधीक्षक कधीच निवृत्त झाले. त्यांनी मला धमकावलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. त्यांच्या नावावर ढकलावं असं काही नाही. खरं सांगायचं तर मलाही त्याच्या हातचा चहा नको होता.

दामाशेठने भेदभावाची तक्रार केली. डाग बघून मला डावललं, असं त्यात होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. लोक साहेबांपुढे तक्रारी मांडतात. दर पहिल्या सोमवारी दामाशेठ हजर. इस्त्रीचा सदरा, बगलेत फाईल, हातात सगळ्यांसाठी चहाची किटली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांनाच चहा! शिपाई म्हणायचे, "पोचशेठ, आरोपींना पाजता?" तो म्हणायचा, "पितील तर केसच मिटंल की."

साहेबांचा प्रश्न ठरलेला: "दाखला जोडला होता याचा पुरावा काय? पोच आहे?"

बंद लिफाफ्याची पोच असते. आत काय होतं त्याची नसते. मग तो माझ्याकडे वळायचा. "भाऊसाहेब, लिफाफा तुमीच फोडलात. दाखला हुता, व्हय ना?"

आणि मी म्हणायचो, "मला आठवत नाही."

एकदा नाही. किती पहिले सोमवार ते मोजायचं मी टाळतो. माझ्या उत्तरावर तो रागवायचा नाही, मान हलवायचा. "काम किती असतं तुमाला. नाय आठवनार." मध्ये दोनदा ठेका नव्याने निघाला. दोन्ही वेळी त्याने दाखला जोडला, लिफाफा बंद करण्याआधी पानापानावर पोच घेऊन जोडला. आणि दोन्ही वेळी मीच जुन्या फाईलमधला शेरा नव्या कागदावर उतरवला: 'यापूर्वी अपात्र.'

लोकांना वाटायचं पोच हे त्याचं वेड आहे. ते कुठून लागलं, ते मला माहीत होतं. पण मी निम्मंच ओळखलं होतं. मला वाटायचं, त्याचा आमच्यावर विश्वास उरला नाही म्हणून तो पोच मागतो.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको, सुगंधा, गेली. गाडीवर तीच कपबशा धुवायची. बुटकी, तोंडाळ बाई. मृत्यूची नोंद तेव्हा माझ्या टेबलावर होती. तो आला, फॉर्म दिला, खिडकीशी उभा राहिला. मी पोचेचा कागद आपणहून तयार ठेवला होता. त्याने तो घेतला नाही. "ह्याची कशाला पोच, भाऊसाहेब," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी प्रथमच मी खणातला दाखला बाहेर काढला, आणि परत ठेवला.

यंदा मुख्याधिकारी मॅडम नव्या आल्या. त्यांनी सांगितलं, येत्या सोमवारी शेवटची सुनावणी. पुरावा नसेल तर तक्रार नस्तीबद्ध होईल, म्हणजे फाईल कायमची बंद. उपाहारगृहाचा ठेका त्याच आठवड्यात निघायचा होता. फाईल बंद झाली की माझा शेरा कायम, आणि दामाशेठ साठीचा. पुढचा ठेका तीन वर्षांनी; तेव्हा तो कशाला येतोय.

शुक्रवारी दुपारी त्याने मला फाटकातून हाक मारली. गाडीवर कोणी नव्हतं. फळकुटावर त्याने कोरा कागद मांडून ठेवला होता, वर वजन म्हणून आल्याचा तुकडा.

"भाऊसाहेब, एक अर्ज लिवून द्या. तुमचं अक्षर मोत्यावानी."

"कसला?"

"तक्रार मागं घेतो. लिवा, दाखला जोडायला मीच इसरलो."

मी पेन काढलं होतं. तसंच हातात राहिलं.

"असं का?"

"आता काय सांगू. सुगंधा पयल्यापासून बोलायची, तुमी धांदरट, दाखला फळीवर ठेवून गेले आसाल न् लोकांना दोष देताय. मी भांडायचो तिच्याशी. म्हनायचो, माज्या हातानं घातलाय गो! पन तुमाला बी आठवत नाय. तुमच्यासारख्या मानसाला आठवत नाय म्हंजे नसनारच. तवापासून मना माजाच भरवसा वाटत नाय. म्हनून तर लिवून घेतो सगल्यांकडून. न्हायतर मी आहेर दिला का नाय दिला, कोन सांगनार मना?"

गिऱ्हाईक आलं म्हणून तो स्टोकडे वळला. मी काही तरी करायचं म्हणून ती सुतळीची वही पहिल्यापासून उघडली. रोजचं पान. पहिल्या ओळीवर एक जांभळा अंगठा, पुढे त्याच्या अक्षरात: 'चहा मिळाला. प्यायलो. — सुगंधा, निशाणी अंगठा.' दुसरं पान, पहिल्या ओळीवर अंगठा. दिवसाचा पहिला कप तिचा. खाली गिऱ्हाइकं. कधी दहा, कधी दोन. पावसाळ्यात तर नुसता अंगठाच, खाली पान कोरं. मी जुन्या पानांवरून पुढे आलो. एका तारखेनंतर पाच पानं रिकामी होती. मग पुन्हा पहिली ओळ, अंगठा नाही, त्याचं वळणदार नसलेलं अक्षर: 'चहा मिळाला. प्यायलो. — स्वतः.'

पुढचं पान: स्वतः. पुढचं: स्वतः. तीन वर्षं.

"लिवलात?" तो म्हणाला.

"उद्या देतो," मी म्हणालो. पेन उघडं राहिलं होतं. सदऱ्याच्या खिशाला शाई लागली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "नोकरी जाईल?"

"चौकशी लागेल. काय होईल सांगता येत नाही."

"त्या बाईला मरेपर्यंत वाटत राहिलं ना हो, नवराच विसरभोळा म्हणून," ती म्हणाली. नोकरीचं पुन्हा काही बोलली नाही.

मी लिहिलं. त्याच चांगल्या अक्षरात. 'दाखला जोडलेला होता. तो मी काढून ठेवला. कारण अर्जदाराच्या हातांवरील डाग. मला आठवत नाही असे मी वेळोवेळी सांगितले. मला आठवत होते.' आणि खणातला दाखला टाचणीने त्याला जोडला. नऊ वर्षांत घड्यांवर पिवळा पडला होता.

उद्या म्हणालो होतो खरा, पण शनिवारी मी गेलो नाही. सोमवारी सकाळी, कचेरी उघडायच्या आधी, चिंचेखाली गेलो. दामाशेठने स्टो पेटवून दूध तापत ठेवलं होतं. इस्त्रीचा सदरा अंगात होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने आधी दाखला पाहिला. उलटा केला, सुलटा केला, डॉक्टरांच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग माझा मजकूर वाचला, ओठ हलवत. दूध उतू गेलं. दोघांनीही आच कमी केली नाही.

"म्हंजे घातला हुता," तो म्हणाला.

"हो."

"मी घातला हुता."

"हो, दामाशेठ. तुम्ही घातला होता."

तो माझ्याकडे बघत नव्हता. जिथे बसून सुगंधा कपबशा धुवायची त्या उपड्या डब्याकडे बघत होता. "आयकलंस का गो," असं काहीतरी म्हणाला; मला म्हणाला नाही.

मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मी तुमाला माफ वगैरे करत नाय. मना ते जमंल असं वाटत नाय." मग सदऱ्याला हात पुसले आणि सवयीने एक कागद ओढून लिहिलं: 'जबाब एक, दाखला एक. मिळाला.' खाली सही, तारीख, वेळ. कागद मला दिला. "ही तुमची पोच. वर मॅडमनी इचारलं तर दाखवा."

उरलेल्या दुधात त्याने दिवसाचा पहिला चहा केला. कप भरला. वही पुढ्यात घेऊन पहिल्या ओळीवर तारीख टाकली, मजकूर लिहिला, आणि सवयीने 'स्व' काढला. तिथे थांबला. माझ्याकडे पाहिलं, त्या सकाळी पहिल्यांदाच. मग 'स्व' खोडला, आणि त्या पांढऱ्या बोटांनी कप माझ्यापुढे धरला.

मी दोन्ही हातांनी घेतला.